पाय कोणी हलवला?

गोठ्यात बांधलेल्या बैलाच्या पाठीवर गोमाशी बसली की नेमकी तेवढीच कातडी थरारते. बैल मान वळवत नाही, रवंथ थांबवत नाही. बऱ्याचदा त्याचे डोळेही मिटलेले असतात. माशी उठून बरगडीवर बसते, की बरगडीवरची कातडी हलते. माणसाला पाठीची कातडी अशी हलवता येत नाही, कारण गुरांच्या कातडीखाली जो पातळ, पसरट स्नायू असतो तो आपल्याकडे जवळपास उरलेला नाही. पण ही थरथर ज्या व्यवस्थेतून घडते, ती आपल्याही पाठीत आहे. माशीचा स्पर्श त्या जागच्या चेतातंतूने टिपला, तो कण्यातल्या मज्जारज्जूत शिरला, रज्जूतूनच मानेच्या बुडाशी गेला आणि तिथून निघणाऱ्या नसेने कातडीखालचा स्नायू आकसवला. मेंदूने हुकूम देण्याची गरजच पडली नाही. गुरांचे डॉक्टर याचा फार चांगला उपयोग करतात. मागचे पाय लुळे पडलेल्या जनावराच्या कमरेपासून पुढे पुढे ते चिमटे घेत येतात. इजेच्या मागची कातडी गप्प राहते. जिथून ती थरारायला लागते, त्याच्या आसपास रज्जू दुखावलेला असतो.

आपल्या मनात चित्र असे असते, की शरीरात जे काही होते ते डोके करते आणि पाठीतला मज्जारज्जू नुसता निरोप पोचवतो. हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे, की रज्जू स्वतःही काम करतो, निर्णय घेतो, लय धरतो. हे अर्धे माहीत नसल्यामुळे, राजूर घाटात किंवा समृद्धी महामार्गावर अपघात झालेल्या माणसाच्या खाटेशेजारी बसलेल्या घरच्यांची फार ओढाताण होते. त्यांच्यासाठी हा विषय नीट मांडायला हवा, असे मला मनापासून वाटते.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण ४५ सेंटीमीटर लांब, करंगळीएवढा जाड आणि वजनाला जेमतेम ३०-३५ ग्रॅम असतो. मणके खाली माकडहाडापर्यंत जातात, पण रज्जू तेवढा लांब नसतो. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी तो संपतो आणि त्याच्याखाली फक्त नसांचा झुबका लोंबत असतो. ही गोष्ट प्रत्येक घराला माहीत असायला हवी. मेंदूज्वराच्या संशयात डॉक्टर पाठीतले पाणी काढायचे म्हणाले, की आपल्याकडे नातेवाईक हात जोडतात: "नका डॉक्टर, पोरगं लंगडं होईल." सिझेरियनच्या वेळी पाठीत द्यायच्या इंजेक्शनचीही तीच भीती. पण सुई घालतात ती कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या फटीत, म्हणजे रज्जू संपल्यानंतर बरेच खाली. तिथे पाण्यात तरंगणाऱ्या नसा सुईला बाजू देतात. या भीतीपायी मेंदूज्वराचे निदान लांबते आणि त्यात मूल खरोखरच अधू होऊ शकते.

रज्जूतून दोन्ही बाजूंना नसांच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येक नसेची रज्जूशी दोन मुळे असतात. पाठीकडच्या मुळातून बातमी आत येते: स्पर्श, ऊन-गार, वेदना, सांधा किती वाकला आहे ते. पोटाकडच्या मुळातून हुकूम बाहेर जातो. इंग्लंडमध्ये चार्ल्स बेल यांनी १८११ मध्ये या दिशेने पहिले पाऊल टाकले आणि १८२२ मध्ये फ्रान्सच्या फ्रांस्वा माजांदी यांनी प्रयोगाने हे पक्के केले. रज्जू आडवा कापून पाहिला, तर मधोमध पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग दिसतो. तिथे चेतापेशींची वस्ती आहे. त्याच्याभोवतीचा पांढरा भाग म्हणजे वर मेंदूकडे जाणाऱ्या आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या तंतूंच्या वाटा. निरोप्याचे काम पांढऱ्या भागाचे. ज्या कामाबद्दल आपण बोलतो आहोत, ते करड्या भागात चालते.

निरोप जातो कसा? तारेतून वीज वाहते तसा नाही. चेतातंतूच्या आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. चेतना मिळाली, की त्या ठिकाणची सोडियमची दारे उघडतात, सोडियमचे कण आत घुसतात आणि तेवढी जागा क्षणभर धन होते. लगेच पोटॅशियमचे कण बाहेर पडून ती पूर्ववत होते. हा सगळा प्रकार साधारण एका सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपतो. पण तेवढ्यात शेजारच्या जागेची दारे उघडलेली असतात, मग तिच्या शेजारची. स्लॅब टाकताना मजुरांच्या रांगेतून घमेले हातोहात वर जाते, माणसे मात्र आपापल्या जागी उभी असतात. सोडियम-पोटॅशियमचे कणही असेच जागच्या जागी आत-बाहेर करतात, पुढे सरकतो तो निरोप. काही तंतूंवर मायलिन नावाचे चरबीयुक्त वेष्टन असते आणि त्यात थोड्या थोड्या अंतरावर फटी असतात. तिथे निरोप फटीतून फटीत उडी मारतो, म्हणून वेग प्रचंड वाढतो. स्नायूंकडून रज्जूत येणारे जाड तंतू सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने निरोप नेतात. वेदना नेणारे, वेष्टन नसलेले बारीक तंतू सेकंदाला जेमतेम एक मीटर.

हा फरक शेतात अनवाणी चालणाऱ्याला न शिकताच माहीत असतो. पऱ्हाटीचे धसकट तळपायात घुसले, की आधी एक लखलखीत कळ येते आणि सेकंदाभराने खोल ठणका सुरू होतो. इजा एकच, पण बातमी दोन वाटांनी येते. पहिली कळ थोडे वेष्टन असलेल्या तंतूंची. दुसरी सावकाश येणारी त्या बारीक तंतूंची. पायापासून रज्जूपर्यंतचे मीटरभर अंतर तोडायला त्यांना तेवढा वेळ लागतो.

आणि ठणका कळायच्या कितीतरी आधी पाय वर उचलला गेलेला असतो. वेदनेची बातमी रज्जूत शिरते, करड्या भागातल्या मधल्या पेशींना भेटते आणि त्या एकाच वेळी अनेक हुकूम सोडतात. गुडघा आणि खुबा वाकवणारे स्नायू आवळले जातात. त्याच पायाचे ताठ करणारे स्नायू ढिले पडतात, नाहीतर पाय उचललाच जाणार नाही. शिवाय रज्जूच्या दुसऱ्या बाजूला निरोप जाऊन दुसरा पाय ताठ होतो, कारण सगळे वजन आता त्याच्यावर येणार असते. डोक्यावर कापसाचे गाठोडे घेतलेली बाई काटा रुतल्यावर पडत नाही, त्याचे मोठे श्रेय या दुसऱ्या हुकमाला आहे. आपण "काटा रुतला" असे म्हणेपर्यंत रज्जूने दोन्ही पायांचा हिशेब पुरा केलेला असतो.

डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात, तेव्हा या व्यवस्थेचा सर्वांत छोटा नमुना तपासत असतात. १८७५ मध्ये जर्मनीतल्या एर्ब आणि वेस्टफाल या दोघांनी एकाच वर्षी या झटक्याकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. हातोडीने वाटीखालचा स्नायुबंध ताणला जातो, मांडीचा स्नायू खेचला जातो. स्नायूतल्या ताण मोजणाऱ्या सूक्ष्म चात्या ही बातमी रज्जूला देतात आणि बातमी आणणारी पेशी थेट स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशीशी बोलते, मध्ये कोणी नाही. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास पाय उडायला लागतो. विचार करून पाय हलवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. ही सोय हातोडीसाठी अर्थातच नाही. नुसते उभे राहिलो तरी गुडघे सतत किंचित वाकू पाहतात आणि हाच झटका, अगदी सौम्यपणे, त्यांना सावरत असतो.

मेंदू या सगळ्यात गैरहजर नसतो. तापलेल्या तव्याला चुकून हात लागला तर तो मागे खेचला जातो. पण हातात उतू जाणाऱ्या दुधाचे पातेले असेल आणि पायाशी रांगणारे बाळ असेल, तर आई चटका सोसून पातेले ओट्यावर ठेवते आणि मगच हात सोडते. वरून आलेल्या तंतूंनी रज्जूतल्या मधल्या पेशींना आवरून धरलेले असते. रज्जूच्या कामावर मेंदूचा असा लगाम सतत असतो. तो सुटला की काय होते ते पुढे पाहू.

त्याआधी चालण्याबद्दल. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी आषाढीसाठी पायी पंढरपूरला जाते. जाण्याची वाट सातशे किलोमीटरहून अधिक आहे आणि चालणे महिनाभराचे. एक पाऊल ६५ सेंटीमीटरचे धरले, तर एकेका वारकऱ्याची दहा लाखांहून जास्त पावले पडतात. त्यातली किती पावले त्याने विचार करून टाकली असतील? तो अभंग म्हणत असतो, टाळ वाजवत असतो, शेजारच्याशी पावसापाण्याचे बोलत असतो आणि पाय चालत असतात. डावा-उजवा, वाकव-ताठ कर, ही लय कमरेच्या भागातल्या रज्जूत जन्मते. थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये मांजरावरच्या प्रयोगांतून दाखवले, की मेंदूशी संबंध तोडला आणि पायांकडून येणारी बातमीही बंद केली, तरी रज्जू चालण्याची आलटून-पालटून लय काढू शकतो. मेंदू चालायला सुरुवात करून देतो, वेग ठरवतो, तोल राखतो, खड्डा चुकवतो. प्रत्येक पावलाची मांडणी मात्र खाली होते. ज्ञान, भक्ती, जिद्द यांचे मोल याने कमी होत नाही. उलट पाय आपले काम चोख करतात म्हणून मन नामात राहू शकते.

रज्जूच्या या यंत्रणेचे वेगवेगळे भाग बिघडले तर काय होते, हे आपल्या गावांनी फार जवळून पाहिले आहे. सर्वांत भयंकर धनुर्वात. त्याचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात सुप्त बीजाणूंच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकतात. दोष खिळ्याच्या गंजाचा नाही. खोल, बंद जखमेत गेलेल्या मातीचा आहे, त्यामुळे कोऱ्या विळ्यानेही धनुर्वात होऊ शकतो आणि बाभळीच्या काट्यानेही. जखमेत जंतू विष तयार करतात, ते विष चेतातंतूच्या आतून उलट्या दिशेने चढत रज्जूत पोचते आणि तिथे नेमक्या आवरणाऱ्या पेशींना गाठते. वर काट्याच्या गोष्टीत वाकवणारे स्नायू आवळताना ताठ करणारे ढिले पडले, ते ज्या पेशींमुळे, त्याच या. विष त्यांना त्यांचे रसायन सोडूच देत नाही. मग सगळ्या स्नायूंना एकदम आवळण्याचा हुकूम जातो. जबडा बसतो, पाठ कमानीसारखी वाकते. दाराचा आवाज झाला, कोणी दिवा लावला, तरी सगळे अंग ताठरते. आणि रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो. काजऱ्याच्या बियांतले स्ट्रिक्नीन हे विष याच आवरण्याच्या यंत्रणेला दुसऱ्या टोकाकडून अडवते. या दोन्ही विषांचे प्रयोग करूनच चार्ल्स शेरिंग्टन यांनी ताडून पाहिले, की स्नायू ढिला सोडणे हेही रज्जूचे स्वतंत्र काम आहे. त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पूर्वी बाळाची नाळ घरातल्या विळ्याने कापत आणि तिला शेण किंवा राख लावत. बाळ आठवड्याभरात दूध ओढेनासे होई, मग आकडी, मग सगळे संपे. गर्भारपणातली लस आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांमुळे हे चित्र इतके बदलले, की २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्यावर शिक्कामोर्तब झाले. मोठ्यांना मात्र तो अजूनही होऊ शकतो, विशेषतः ज्यांची लस लहानपणानंतर राहून गेली त्यांना. पेरणीच्या तोंडावर हे लक्षात ठेवावे.

पोलिओने रज्जूचा दुसरा भाग निवडला होता. त्याचा विषाणू पोटाकडच्या, हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. म्हणून पोलिओ झालेल्या पायाला स्पर्श कळतो, चिमटा कळतो, पण पाय लुळा, बारीक, आणि हातोडी मारली तरी गप्प. देशातली रानटी विषाणूची शेवटची केस जानेवारी २०११ मधली, पश्चिम बंगालमधली. तिकडे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात घेतली जाणारी लाखोळी डाळ दुष्काळात महिनोन्महिने तीच तीच खाल्ली गेली, तर मेंदूकडून खाली येणाऱ्या वाटा जळतात. त्यात उलटे होते: पाय लुळे न पडता ताठरतात आणि गुडघ्याचा झटका जोरात उसळतो, कारण वरचा लगामच गेलेला असतो. डॉक्टरांच्या हातातली ती साधी हातोडी एवढे सांगू शकते. झटका नाहीसा झाला असेल तर दोष रज्जूतल्या त्या पातळीवर किंवा बाहेरच्या नसेत. झटका वाढला असेल तर दोष त्याच्या वर.

आता अपघात. आपला बुलढाणा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा वसलेला आहे. बोथा आणि राजूर घाटातली वळणे, मेहकर-लोणार-सिंदखेडराजावरून जाणारा समृद्धी महामार्ग, शिवाय विहिरीत पडणे, झाडावरून पडणे, ट्रॅक्टर उलटणे. कण्याचा मणका मोडला म्हणजे रज्जू तुटलाच असे नसते. पुष्कळदा रज्जू चिरडलेला नसतो, सरकलेल्या मणक्याखाली नुसता धोक्यात असतो. आणि मग चार माणसे धावत येतात, जखमीला हातापायांना धरून उचलतात, पाठ मध्ये झोळीसारखी वाकते, त्याला जीपमध्ये बसवतात किंवा मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये धरतात. सगळे मदतीच्या भावनेने करतात. पण मणक्याची धार रज्जूत शिरते ती याच वेळी. मान किंवा पाठ दुखते, हातपाय बधिर वाटतात, असे जखमी सांगत असेल किंवा तो बेशुद्ध असेल, तर आग किंवा पाणी यांसारखा जिवाला लगेचचा धोका नसताना त्याला हलवू नये. १०८ ला फोन करावा आणि एकाने फक्त डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरून बसावे. हलवावेच लागले तर तीन-चार जणांनी मिळून, डोके, छाती आणि कंबर एका रेषेत ठेवून, एकदम कुशीवर वळवावे आणि सपाट फळीवर घ्यावे. दाराची फळीही चालते.

इजा कोणत्या पातळीवर आहे त्यावर पुढचे सगळे ठरते. मानेत असेल तर चारही हातपाय जातात, फार वर असेल तर श्वासही. छातीच्या पातळीवर असेल तर पाय. अपघातानंतर पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, इजेखालचा रज्जू अगदी मुका होतो. पाय मऊ, लुळे; हातोडीला काही उत्तर नाही. रुग्णाला अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला हलवलेले असते, शस्त्रक्रिया झालेली असते, घरचे खाटेशी बसलेले असतात. आणि एक दिवस पांघरूण सरकवताना पाय उडतो. "हालला! दादाचा पाय हालला!" गावाकडे फोन जातात, पेढे वाटले जातात. कोणी नवस फेडायला निघतो.

तो पाय दादाने हलवलेला नसतो. रज्जू मूर्च्छेतून जागा झाला आहे आणि इजेखालच्या करड्या भागाने आपले जुने काम पुन्हा सुरू केले आहे. पांघरुणाचा स्पर्श आत गेला, हुकूम बाहेर आला. वरचा लगाम नाही म्हणून हालचाल मोठी, झटकेदार. दादाला ना स्पर्श कळला, ना हालचाल. पेढ्यांनंतर महिने जातात, पाय तसाच उडतो, पण सांगितल्यावर हलत नाही, आणि मग घरचे डॉक्टरांवर, एकमेकांवर, कधी रुग्णावरच रागावतात: "तू प्रयत्नच करत नाहीस." ज्या माणसाचे अर्धे अंग गेले आहे त्याच्यावर हा आरोप होणे मला फार क्रूर वाटते, आणि तो केवळ माहितीअभावी होतो. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे. डोळे मिटून त्याला सांगितल्यावर पायाचा अंगठा हलवता येतो का? अंगठ्याला हात लावल्याचे कळते का? गुदद्वाराजवळची संवेदना शाबूत आहे का, हे डॉक्टर मुद्दाम तपासतात, कारण रज्जूतले अगदी खालचे धागे शिल्लक असतील तर वाट पूर्ण तुटलेली नाही. अशा अर्धवट इजेत खरी सुधारणा होऊ शकते आणि पहिल्या महिन्यांतला व्यायाम सोन्याच्या मोलाचा असतो.

वाट पूर्ण तुटली तरी आयुष्य संपत नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुण्याच्या खडकीत १९७४ पासून कण्याची इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र चालते. संशोधनही पुढे सरकते आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये कमरेच्या रज्जूवर विजेचे हलके, नेमक्या वेळचे झटके देऊन आणि कसून सराव करून घेऊन, वर्षानुवर्षे पाय गेलेल्या तीन जणांना आधाराने पावले टाकायला लावली. वारकऱ्याच्या पायांत जी लय चालते, तिचे मूळ इजेखाली शाबूत असते. तिला जागे करणारा कोणी हवा असतो. ही सोय आज गावोगावी मिळण्यासारखी नाही.

घरी मिळण्यासारखी आहे ती काळजी. दर दोन तासांनी कूस बदलली तर एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा सहसा टळतात. सांधे रोज हलवले तर ताठरलेले स्नायू त्यांना जखडून टाकत नाहीत. आणि एक धोका असा, की तो घरच्यांनीच ओळखायचा असतो. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर रक्तवाहिन्या आवळण्याच्या रज्जूच्या कामावरचाही लगाम सुटलेला असतो. मूत्राशय तुंबले, पोट साफ झाले नाही, की रुग्णाला दुखत नाही, पण ती बातमी रज्जूत शिरते आणि इजेखालच्या रक्तवाहिन्या एकदम आवळल्या जातात. रक्तदाब झपाट्याने चढतो. रुग्ण अचानक डोके फुटल्यासारखे दुखते म्हणतो, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. अशा वेळी डोकेदुखीची गोळी देऊन झोपवू नये. ताबडतोब त्याला उठवून बसवावे, पाय खाली सोडावेत, कमरेचे कपडे, पट्टा सैल करावा आणि लघवीची नळी कुठे दुमडली आहे का, पिशवी भरली आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. नळी मोकळी केल्यावरही दोन-चार मिनिटांत आराम पडला नाही, तर थेट दवाखाना गाठावा आणि तिथे गेल्या गेल्या सांगावे, की याला कण्याची इजा आहे.